निळ्या कुंडीतली चूळ

सुनेत्राला माणसांच्या घाणीची किळस येत नाही, हे तिला ओळखणारं कुणीही सांगेल. हॉलंडातल्या न्यूनेन गावी तिच्या घरी रोज सकाळी साडेसातला चार डच पोरं येतात, दोन रांगणारी आणि दोन नुकती चालायला लागलेली. दिवसभर त्यांची शेंबडी नाकं पुसायची, शी धुवायची, ओकलेलं दूध गालिच्यावरून खरवडून काढायचं, हा तिचा व्यवसाय. तेरा वर्षांपूर्वी ती रविकांतच्या मागोमाग, नवऱ्याच्या व्हिसाला टाचून इथं आली तेव्हा बस कुठं थांबते एवढंही तिला विचारता येत नव्हतं. मग भाषेच्या परीक्षा झाल्या, प्रशिक्षण झालं, नगरपालिकेच्या बाईनं घरी येऊन जिन्याचं कुंपण हलवून बघितलं आणि सुनेत्राचं पाळणाघर सुरू झालं. आता त्या पोरांच्या आया म्हणतात, तुझं डच ऐकताना तू बाहेरची वाटतच नाहीस. हे वाक्य तिनं मनात नीट घडी घालून ठेवलंय, ठेवणीतल्या साडीसारखं.

तर अशा बाईला जुलैतल्या त्या शनिवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत किळस आली. आणि कुणाची? तर सख्ख्या भावाची.

श्रीकांत तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. मिरजेत त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आयुष्यात पहिल्यांदा तो देशाबाहेर पडला होता, बायको शोभा आणि आठ वर्षांचा ओमकार यांना घेऊन, दहा दिवसांत सहा देश दाखवणाऱ्या एका सहलीबरोबर. सहल ब्रसेल्सला संपली आणि हे तिघं तिथून बसनं न्यूनेनजवळच्या आइंडहोवनला उतरले, सुनेत्राकडं चार दिवस राहायला.

या चार दिवसांवर सुनेत्रानं फार काही टांगून ठेवलं होतं. तिची ईशानी बारा वर्षांची. मराठी सगळं समजतं, पण उत्तर येणार डचमध्ये, नाहीतर इंग्रजीत. मिरजेला ती शेवटची गेली तेव्हा चार वर्षांची होती. यंदा डिसेंबरच्या सुटीत तिला घेऊन तिकडं जायचं, मामाकडं तीन आठवडे ठेवायची, असं सुनेत्राच्या मनात होतं. नाहीतर पोरगी हातची गेली, ही भीती तिला हल्ली झोपू देत नसे. ईशानीनं सरळ सांगितलं होतं, की ज्या माणसांना मी ओळखत नाही त्यांच्याकडं तीन आठवडे राहणार नाही. आधी त्यांना बघते. शनिवारी आपण ॲम्स्टरडॅमला जाणार ना, त्यानंतर सांगते.

म्हणजे शनिवारी परीक्षा होती. बसणार होता श्रीकांत, पेपर तपासणार होती ईशानी आणि निकालाची धास्ती सुनेत्राला. रविकांतनं कंपनीतल्या मशीनवर इमर्जन्सी आल्याचं सांगून अंग काढून घेतलं होतं. पाहुणे आले की त्याच्या मशीनला बरोबर ताप भरतो.

ॲम्स्टरडॅमच्या आगगाडीत बसल्या बसल्या श्रीकांतनं बूट काढले, मोजेही काढले आणि पाय समोरच्या सीटवर टाकले. दहा दिवसांत सहा देश तुडवून आलेले ते पाय, काय वास असेल तो विचारू नका. मग त्यानं दुकानातल्या माणसाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खिडकीला चिकटवून गाई दाखवायला सुरुवात केली. गाईच त्या, पण वर्णन असं की ऐरावत बघतोय. डबा होता शांततेचा, काचेवर तसं लिहिलेलंही होतं. पलीकडच्या चष्मेवाल्यानं पुस्तक मिटलं आणि नुसता बघत राहिला. सुनेत्रानं दोनदा सांगितलं, दादा, हळू. तो म्हणाला, हो हो, आणि आणखी मोठ्यांदा पलीकडच्याला सांगितलं की सुनू म्हणतेय हळू बोल. शेवटी ऊन लागतंय असं म्हणून ती उठली आणि चार सीटा मागं जाऊन बसली. चष्मेवाल्याची नि तिची नजरानजर झाली तेव्हा तिनंही कपाळाला आठी घातली, जणू तीही त्याच्यासारखीच वैतागलेली कुणी परकी प्रवासी होती. ईशानी तिकडंच राहिली, कानात इअरफोनची बोंडं घालून. एकदा तिनं मागं वळून आईकडं पाहिलं.

ॲम्स्टरडॅमला उतरल्यावर तर विचारूच नका. उन्हाळ्यात ते शहर मुळातच सुनेत्राच्या डोक्यात जातं. गेल्या तेरा वर्षांत तिनं कितीतरी पाहुण्यांना ते फिरवून आणलं असेल आणि दर वेळी घरी येऊन चप्पल साबणानं धुतली असेल. स्टेशनबाहेर माणसांचा नुसता चिकट लगदा. गांजाचा गोडसर, मळमळवणारा वास. कचऱ्याच्या पिशव्या सीगलनी फाडून आतड्यांसारख्या रस्त्यावर ओढलेल्या. एका पुलाच्या कठड्याला गुलाबी फ्रॉक घातलेले आठ दाढीवाले इंग्रज रेलून उभे होते, लग्नाआधीची मजा करायला आलेले. त्यातला नवरदेव कालव्यात भडाभडा ओकत होता नि बाकीचे टाळ्या वाजवत होते. ओमकारनं विचारलं, आत्या, इथं काय जळतंय? श्रीकांत म्हणाला, धूप असेल रे, आणि छाती भरून श्वास घेतला.

आता खरं तर किळस यायची ती त्या नवरदेवाची यायला हवी. सुनेत्रानं नाक मुरडलंही. पण ती घाण तिची नव्हती, तिच्याशी तिचं काही नातं नव्हतं. श्रीकांतची घाण मात्र तिच्या आडनावासकट चालत होती. माहेरचं, जुनं आडनाव असलं म्हणून काय झालं.

कालव्याकाठी पुरुषांसाठी लोखंडी जाळीची उघडी मुतारी असते. श्रीकांतला ती दिसताच परमानंद झाला. आत उभा राहून त्यानं जाळीतून बाहेरच्यांशी गप्पा चालू ठेवल्या, म्हणाला, अगं आपल्या एसटी स्टँडची आठवण आली बघ, वाससुद्धा तोच! चेन लावत लावत बाहेर आला. पुढं घरांच्या खिडक्या लागल्या. इथली माणसं पडदे ओढत नाहीत, पण चालणाऱ्यानं आत बघायचं नसतं, हे कुणी कुणाला न शिकवता सगळे पाळतात. श्रीकांतनं काचेला दोन्ही तळवे आणि मध्ये नाक लावलं आणि आतले लोक काय खातायत ते शोभाला सांगितलं. ओमकारला उचलून कुणाच्या तरी सायकलवर बसवलं, घंटी वाजवायला लावली, फोटो काढले. काचेवर त्याच्या नाकाचा तेलकट ठसा राहिला होता. तो बघून सुनेत्राच्या घशाशी आलं. ती दहा पावलं पुढं चालायला लागली. मग पंधरा. तिनं गॉगल लावला. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, ही इथलीच बाई आहे, कामाला निघालीय.

बोटीतही ती वेगळ्या बाकावर बसली, जागा नव्हती म्हणून. जागा होती. तिथं श्रीकांतनं संत्री सोलली आणि साली पाण्यात टाकल्या, मासे खातील म्हणून. गाइडची माहिती चालू असताना त्याची स्वतंत्र माहिती चालू होती आणि तीही ईशानीला, मराठीतून. पोरगी काही बोलत नाही याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. तुझ्या आईला मी सायकल शिकवली, तो सांगत होता. कृष्णाघाटाच्या रस्त्यावर. कॅरियर धरून मागं पळायचो, महिनाभर पळालो. सोडू नको म्हणायची, सोडू नको दादा. मी तर कधीच सोडलेलं असायचं, नुसता मागून ओरडत असायचो की धरलंय, धरलंय. सुनेत्राला हे सगळं ऐकू येत होतं आणि ते ऐकूनही तिचं लक्ष त्याच्या बोटांकडंच होतं. संत्र्यानं चिकट झालेली ती बोटं त्यानं बोटीच्या पांढऱ्या गादीला पुसली. ईशानीच्या कानातलं एक बोंड बाहेर लोंबत होतं, तिकडं तिचं लक्ष गेलं नाही.

दीडच्या सुमारास भूक लागली. शोभा ही बोलायला कमी आणि वाहायला जास्त अशी बाई. पहाटे उठून तिनं सुनेत्राच्या स्वयंपाकघरात दशम्या केल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी मिरजेहून आणली होती, दहीभात कालवून घेतला होता. सहा देशांतून ती पिशवी तिच्या खांद्यावर होती आणि तिचे पाय सुजून बुटांतून वर आले होते. एका शांत कालव्याकाठी, एका घराच्या दाराशी, लाकडी बाक दिसला. बाकाशेजारी निळी मोठी कुंडी आणि तिच्यात तशाच निळ्या, टवटवीत फुलांचे गुच्छ. सुनेत्रानं सांगितलं, दादा, इथं नको, हा त्या घराचा बाक आहे. श्रीकांत म्हणाला, रस्त्यावर ठेवलाय म्हणजे रस्त्याचाच की, आपल्या घरातला बाक कोण बाहेर ठेवेल? आणि शोभा बसलीसुद्धा, कारण तिच्यानं आता एक पाऊल टाकवत नव्हतं.

डबे उघडले. तेलाचा, लसणाचा वास त्या गल्लीत असा पसरला, की सुनेत्राच्या पोटात भूक आणि लाज एकदमच उठली. शोभानं तिच्यापुढं दशमी धरली. मला नको वहिनी, मी जरा पुलावरून फोटो काढते, असं म्हणून ती तिथून सटकली. पुलावर उभी राहून तिनं पाण्याचे फोटो काढले, त्याच पाण्याचे, तेरा-चौदा. तिथून तिला दिसत होतं. श्रीकांतनं बोटं चाटली. मनगटापर्यंत आलेला दहीभाताचा ओघळ चाटला. मग बाटली घेऊन तो उठला आणि सुनेत्राला पुढचं सगळं आधीच कळलं, कारण ते तिला जन्मापासून ठाऊक होतं.

त्यांच्या आईचा नियमच होता. जेवून उठलं की चूळ भरायची, खळखळून, तीनदा. त्याशिवाय मोरीतून बाहेर पडायचं नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली. सुनेत्रा अजून चूळ भरते, रोज, स्वयंपाकघराचं दार लावून, नळ पूर्ण सोडून, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये. श्रीकांतला दार लावायची सवय नव्हती. त्यानं आभाळाकडं तोंड केलं आणि अशी खळखळ केली की ती पुलावर ऐकू आली. मग पाणी कुठं टाकायचं म्हणून इकडं तिकडं बघितलं. रस्त्यावर टाकणं त्याला बरं वाटलं नसावं, एवढी स्वच्छता त्याला होती. त्यानं वाकून ती चूळ निळ्या कुंडीत टाकली. दुसरी पण. तिसरी पण. चटणीचे लाल कण त्या निळ्या फुलांवर बसले.

दार उघडलं. आखूड पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट अशी सत्तरीची बाई बाहेर आली. ती सगळं खिडकीतून बघत होती. ती ओरडली नाही, इथले लोक ओरडत नाहीत, एकेक शब्द चाकूनं कापल्यासारखा ठेवतात. श्रीकांतनं हात जोडले, हॅलो मॅडम म्हणाला, कुंडीकडं बोट दाखवून वॉटर, गुड, असं समजावलं आणि उरलेली दशमी तिच्यापुढं धरली. दशमीकडं तिनं असं पाहिलं, की त्या पाहण्यानं सुनेत्राचे कान तापले. तोवर ती पुलावरून उतरून आली होती. कशाला आली? सावरायला आली होती, हे खरं. पण आली ती गॉगल लावून, रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं. म्हणून बाईनं तिलाच विचारलं, डचमध्ये, इथल्या माणसानं इथल्या माणसाला विचारावं तसं.

"ही माणसं तुमच्याबरोबर आहेत का?"

एक क्षण होता. त्या क्षणात हो म्हणता आलं असतं. माझा भाऊ आहे, त्याला माहीत नव्हतं, माफ करा, एवढीच तीन वाक्यं. एरवी पाळणाघरात दिवसातून दहादा ती परक्या पोरांच्या वतीनं माफी मागते.

"नाही," सुनेत्रा म्हणाली. "मी यांना ओळखत नाही. टुरिस्ट असतील. मलाही किळस येते हो या लोकांची, घाण करून टाकतात सगळी."

किती छान डच होतं ते. एकही चूक नव्हती. बाईचा चेहरा निवळला, ती म्हणाली, होय ना, आपलं शहर आपलं राहिलंच नाही, आणि सुनेत्राला त्या आपलं शब्दानं आत कुठंतरी गुदगुल्या झाल्या. लाज वाटायच्या आधी गुदगुल्या झाल्या, हे सांगायला हवं. बाई आत गेली, दार लागलं. श्रीकांत मान हलवत म्हणाला, सुनूनं मिटवलं बघ कसं, दोन शब्दांत!

मगच सुनेत्राला ईशानी दिसली. बाकाच्या मागं उकिडवी बसून ती ओमकारच्या सँडलचा पट्टा लावत होती. मान खाली. एरवी त्यांच्यासाठी मराठी ही इतरांना न कळणारी भाषा, बाहेरच्यांसमोर आपसात बोलायची. आज सुनेत्रानं डच तशी वापरली होती, भावाला न कळणारी म्हणून. ज्या एका जिवासाठी हा दिवस मांडला होता, त्याची ती जन्मभाषा आहे, हे तिच्या डोक्यातूनच गेलं होतं. ऐकलं नसेल, तिनं स्वतःला सांगितलं. कानात बोंडं असतील. पण बोंडं ईशानीच्या मुठीत होती.

ईशानी उठली. शोभाच्या हातून पाण्याची बाटली घेतली आणि फुलांवरचे लाल कण एकेक करून धुतले. खाली सांडलेली शितं कागदात गोळा केली. आईकडं तिनं पाहिलं नाही. मग मामाचा हात धरून चालायला लागली. संध्याकाळपर्यंत ती त्याच्याबरोबरच चालली आणि सुनेत्रा आता जवळ यायला बघायची, पण ते चौघं रस्त्याची रुंदी अडवून चालत असत आणि तिला मागं राहावं लागे.

परतीच्या गाडीत सगळे पेंगुळले होते. ओमकार शोभाच्या मांडीवर झोपला. या वेळी सुनेत्रा त्यांच्यातच बसली, श्रीकांतच्या उघड्या पायांसमोर, आणि त्या पायांचा वास तिला आता जाणवतही नव्हता. श्रीकांत मात्र ताजातवाना होता. दुकानात सांगायला त्याला गोष्टी जमवायच्या होत्या.

"सुनू, ती म्हातारी चिडली होती नाही माझ्यावर? तू काय म्हणालीस गं तिला? एकदम गारच झाली."

सुनेत्रा म्हणाली, काही नाही रे, असंच. तो म्हणाला, असंच कसं, मला सांग की, मला तुझं ते बोलणं ऐकून इतकं भारी वाटलं, आई असती तर तिला सांगितलं असतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. गाई उभ्या होत्या. मग त्यानं भाचीकडं मोर्चा वळवला, तू सांग गं ईशानी, तुला तर कळतं, काय म्हणाली तुझी आई?

ईशानीनं आईकडं पाहिलं. सकाळी गाडीत पाहिलं होतं तसंच, पण या वेळी नजर हलवली नाही. मामा आल्यापासून ज्या पोरीनं मराठीचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता ती आता मराठीत बोलायला लागली, अडखळत, प्रत्येक शब्द शोधून, तपासून.

"आई म्हणाली, हा माझा मोठा भाऊ आहे. त्यानी मला सायकल शिकवली. तो महिनाभर माझ्या मागे पळाला."

श्रीकांतनं बाहीनं डोळे पुसले, नाकही त्याच बाहीनं पुसलं आणि शोभाला कोपरानं ढोसून म्हणाला, ऐकलंस का, सायकलचं सांगितलं हिनं त्या बाईला. मग त्यानं ओणवं होऊन ईशानीच्या डोक्यावर हात ठेवला, दहीभाताचा, संत्र्याचा, दिवसभराचा मळका हात, आणि पोरीनं डोकं मागं घेतलं नाही.

हात निघाल्यावर ईशानी आईला म्हणाली, डचमध्ये, अगदी शांतपणे, "डिसेंबरमध्ये मी मिरजेला जाईन. तू येऊ नकोस."

"काय म्हणाली?" श्रीकांतनं विचारलं.

सुनेत्राला हवं होतं तेच झालं होतं. पोरगी मिरजेला जाणार होती, आपणहून, आनंदानं.

"डिसेंबरात तुमच्याकडं येते म्हणाली," ती म्हणाली.

श्रीकांतनं शोभाला हलवून जागं केलं आणि पोरीच्या जेवणाखाण्याचे बेत करायला लागला. सुनेत्रा उठली. डब्याच्या टोकाला संडास होता, तिथं जाऊन तिनं कडी लावली. नळाला करंगळीएवढी धार होती. ओंजळ भरायला वेळ लागला. तिनं चूळ भरली, खळखळून, एकदा, दोनदा, तीनदा. आवाज बाहेर जात असेल, जाऊ दे. मग चौथ्यांदा भरली, तरी तोंड स्वच्छ वाटेना.